फ्लॉरेन्सच्या छत्रीनंतर सहा दिवस उंब्रियात: तिथला डोंगर नेमका कसा वाचायचा?

करवीरकर_५

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण कोल्हापुरातून फ्लॉरेन्सला निघतोय. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) ३० नोव्हेंबर १८७० ला तिथं वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले, आणि १८७४ मध्ये तिथं स्मारक म्हणून छत्री उभी राहिली. ती बघायची आहे. नंतर उंब्रिया प्रांतात सहा दिवस काढायचे आणि रोमहून परतायचं.

पाचांपैकी दोघं निसर्गचित्रं काढतात, एक भूगोलाचे शिक्षक आहेत आणि दोघं माळकरी, म्हणजे मांस, मासे, अंडं काही चालत नाही. उंब्रियाबद्दल जिथं बघावं तिथं 'इटलीचं हिरवं हृदय' एवढंच लिहिलेलं सापडतं, त्यावरून काही उमगत नाही. जाणकारांनी सांगावं:

१. तिथला डोंगर-दरीचा प्रदेश नेमका कसा आहे? पन्हाळा-गगनबावडा डोळ्यासमोर धरून सांगितलंत तर बरं.
२. जूनमध्ये हिरवं असतं का वाळलेलं?
३. चित्राला कुठं आणि कधी बसावं?
४. रेल्वेनं भागतं का गाडी घ्यावीच लागते?
५. माळकऱ्यांनी खायचं काय?

कडेपठार

आधी आकार सांगतो. उंब्रिया सुमारे ८,४५० चौ. किमी, म्हणजे आपल्या जिल्ह्याहून (७,६८५) थोडा मोठा. लोकसंख्या मात्र साडेआठ लाखांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ३८.७६ लाख माणसं होती. त्यामुळे एक गाव मागं पडून दुसरं लागेपर्यंत मधलं रान मोकळं दिसतं. समुद्रही नाही आणि परदेशाची हद्दही नाही, असा इटलीतला हा एकच प्रांत. सरकारी वर्गीकरणात सुमारे ७० टक्के भाग टेकड्यांचा आणि उरलेला डोंगराचा. सपाटीचं खातंच नाही, कारण नदीकाठच्या पट्ट्याही टेकड्यांतच धरल्या आहेत.

हा मुलूख उतरंडीसारखा वाचायचा. एकावर एक मडकी रचावीत तसे उंचीप्रमाणे थर आहेत, आणि कुठल्या थरावर काय असणार हे ठरलेलं आहे. असिसी ते स्पोलेतो या पट्ट्यात ते सगळ्यात स्वच्छ दिसतं, म्हणून तोच धरून सांगतो.

तळाला दरीची सपाटी, २०० ते २३० मीटरवर. गहू, मका, सूर्यफूल, कारखाने, हमरस्ता, रेल्वे, सगळं इथंच. एके काळी हा भाग दलदलीचा होता, चर काढून काढून शतकानुशतकं तो कोरडा केला.

त्याच्या वर साधारण अडीचशे ते सहाशे मीटरपर्यंत ऑलिव्हचा पट्टा. खाली सपाटीला जमीन चांगली असताना झाडं उतारावर का लावली? हिवाळ्याच्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून घसरते आणि तळाला साचून राहते. पारा उणे सात-आठच्या खाली गेला की ऑलिव्हचं खोड फाटायला लागतं. उतारावर हवा थांबत नाही, झाड वाचतं. शिवाय मुळांशी पाणी साचलेलं ऑलिव्हला सोसत नाही, आणि उतारावरच्या चुनखडीच्या खडीतून ते लगेच निघून जातं. फेब्रुवारी १९५६ आणि जानेवारी १९८५ या दोन कडाक्यांत मध्य इटलीतली असंख्य झाडं गेली. ती बुंध्याशी कापली आणि फुटव्यातून पुन्हा वाढवली. एकाच बुडख्यातून तीन-चार खोडं वर आलेली दिसली तर बहुतेक ती अशी पुन्हा उठलेली झाडं असतात. जवळ जाऊन बुडखा बघा, जुन्या कापाची गोल कड अजून ओळखू येते.

आपल्याकडे उतारावर सलग ताली घालतात. तिथं सलग बांध आहेतच, शिवाय एकेका झाडापुरता अर्धचंद्राकार दगडी बांधही घालतात, कोरडा, चुना-माती न लावता. खडी उताराला माती धरून ठेवायची ही जुनी रीत.

ऑलिव्हच्या पट्ट्यातच, उताराच्या खांद्यावर, गावं. असिसी ४२४ मीटर, स्पोलेतो ३९६. इथं पन्हाळ्याशी तुलना फसते. आपला डोंगर माथ्याला सपाट, म्हणून पन्हाळा माथ्यावर वसला. तिथला चुनखडीचा डोंगर पाठीला गोल असतो. माथ्यावर जागा नाही, पाणी नाही, वारा झोंबतो. तळाला दलदल आणि हिवताप. राहायला मधला खांदा उरला. त्यात शेतजमीनही वाया जात नाही.

वर ओकचं रान, हजाराच्या पुढं बीचचं जंगल आणि सगळ्यात वर उघडं गवत. असिसीच्या मागचा सुबासिओ (१,२९० मीटर) माथ्याला बोडका आहे. आणखी पूर्वेला सिबिल्लिनी रांगेत उंची २,४०० च्या वर जाते.

जूनचं विचारलंत. पावसाचं गणित आपल्या उलट आहे. उन्हाळा कोरडा, पावसाचा जोर शरदात, नोव्हेंबरला सगळ्यात जास्त. त्यामुळे गच्च हिरवं एप्रिल-मेमध्ये. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सपाटीवर गहू पिवळा होऊन कापणीला आलेला, बांधावरचं गवत वाळायला लागलेलं, ऑलिव्ह रुपेरी, ओक गडद. वर १,३०० मीटरवर मात्र वसंत चाललेला असतो. त्यामुळे तुमच्या तारखेला एका दिवसात खालून वर गेलात तर दोन ऋतू बघायला मिळतील. ऑगस्टमध्ये गेला असतात तर खालचं सगळं तांबूस-पिवळं दिसलं असतं.

खडकवाचक

भूगोलाच्या सरांसाठी लिहितो. उतरंडीच्या खालचा दगडही बघायला हवा, कारण पाणी कुठं लागतं ते त्यावर ठरतं.

पूर्वेचे डोंगर चुनखडीचे. पश्चिमेला आणि उत्तरेला वालुकाश्म नि मार्ल (चुना मिसळलेल्या चिकणमातीचा मऊ दगड), त्यामुळे तिथल्या टेकड्या मऊ, गोलसर, नांगराखाली येणाऱ्या. नैऋत्येला ओर्व्हिएतो गाव टफ दगडावर, म्हणजे ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेल्या दगडावर. कोल्हापूरकराला ओळखीचा वाटेल असा डोंगर तिथला: सपाट माथा, चारी बाजूंनी तुटलेला कडा, वर गाव. फरक एवढाच की टफ मऊ असतो, करवतीनं कापता येतो, आणि त्यामुळे कडा ढासळत राहतो.

ओर्व्हिएतोला सान पात्रित्सिओची विहीर चुकवू नका. पोप सातवा क्लेमेंट याच्या हुकमावरून १५२७ मध्ये काम सुरू झालं आणि १५३७ ला संपलं. खोली सुमारे ५३ मीटर. आत दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरतात, प्रत्येकी २४८ पायऱ्या, पण दोन्ही कुठंच एकमेकांना छेदत नाहीत. एकानं खेचर रिकामं उतरायचं, तळाच्या छोट्या पुलावरून पलीकडं जायचं आणि दुसऱ्यानं भरलेलं वर यायचं, म्हणजे वाटेत समोरासमोर गाठ पडत नाही. पन्हाळ्याची अंधार बाव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेढा पडला तरी गडावर पाणी हवं हा विचार वेगळा सांगायला नको.

चुनखडी पाणी धरत नाही, गिळते. माथ्यावर पडलेला पाऊस भेगांतून आत जातो आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतो. त्रेव्ही आणि स्पोलेतोच्या मधे क्लितुन्नोचे झरे आहेत, रस्त्याला लागूनच. काचेसारखं पाणी, खाली हिरवं शेवाळ. तेच पाणी.

पाणी गिळण्याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे सिबिल्लिनी रांगेतल्या कास्तेल्लुच्चो गावाखालचं पियानो ग्रांदे. चहूबाजूंनी डोंगर, मधे सुमारे १,२७० मीटरवर ताटासारखी सपाटी, आणि बाहेर जाणारी नदीच नाही. पाणी सपाटीच्या एका टोकाला भोकातून जमिनीत शिरतं. लोक याची तुलना कासच्या पठाराशी करतात, ती फुलांपुरतीच ठीक आहे. कासला जांभ्यावर माती वीतभरही नाही, म्हणून तिथं मोठं झाड उभं राहत नाही आणि रानफुलांना जागा मिळते. पियानो ग्रांदेला माती भरपूर आहे. तिथली फुलं मसुराच्या शेतातलं तण आहे: तांबडी खसखस, निळं कॉर्नफ्लॉवर, पिवळी रानमोहरी, पांढरी डेझी. तणनाशक मारलं नाही म्हणून ती उरली. म्हणून फुलांत शिरून फोटो काढू नका, पायाखाली कुणाचं तरी पीक असतं. बहर मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. कधी ऐन भरात येईल ते त्या वर्षीच्या थंडीवर आणि पेरणीवर ठरतं, पण तुमची तारीख चांगली आहे.

आता आपल्याशी थेट जोडलेली गोष्ट. गुब्बिओ गावाबाहेर बोत्ताचोने नावाची खिंड आहे. रस्त्याच्या कडेला गुलाबी चुनखडीचे कललेले थर उघडे पडलेत. त्यात एके ठिकाणी जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची गडद मातीची रेघ येते. तिच्याखाली डायनोसॉरच्या काळातले समुद्री थर, वर त्यानंतरचे. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह १९८० मध्ये याच मातीतल्या इरिडियमवरून (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, उल्कांत जास्त असा धातू) उल्का आदळल्याचा सिद्धांत मांडला. त्या सुमाराला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे दख्खनचा लाव्हा ओतत होता. आपल्या भूशास्त्रात त्या लाव्ह्याच्या वरच्या थरांतल्या एकाचं नावच 'पन्हाळा फॉर्मेशन' आहे, आणि तो त्या रेघेच्या जरा नंतरचा मानला जातो. वेळेची सांगड पृथ्वीचं चुंबकत्व उलटल्याच्या खुणांवरून घालतात, आणि त्या खुणा गुब्बिओच्या चुनखडीतही आहेत नि आपल्या काळ्या दगडातही. सर, पन्हाळ्याच्या दगडाचा एक फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा आणि त्या रेघेजवळ उभं राहून मुलांसाठी दोन्ही एकत्र टिपा. रेघेत बोटं घालून माती काढू नका, नमुने घेऊन घेऊन ती जागा आधीच कोरली गेली आहे.

आणि भूकंप. चुनखडीची ही रांग भेगांनी चिरलेली आहे. २६ सप्टेंबर १९९७ ला असिसीच्या बॅसिलिकाचं छत कोसळून आत चार जण दगावले. ३० ऑक्टोबर २०१६ ला नॉर्चाजवळ ६.५ तीव्रतेचा धक्का बसला, तिथल्या सान बेनेदेत्तोच्या चर्चची दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली आणि वरचं कास्तेल्लुच्चो गाव जवळपास भुईसपाट झालं. नॉर्चाची घरं बुटकी आणि भिंती पायाशी फुगीर दिसतील. १८५९ च्या भूकंपानंतर तिथं नियमच झाला, दोन मजल्यांवर बांधायचं नाही आणि भिंतीला पायाशी उतार द्यायचा. आपल्याकडे किल्ल्याच्या बुरुजाला असतो तसाच.

करवीरकर_५

खडकवाचक, गुब्बिओचं वाचून सरांनी लगेच तो दिवस पक्का केला. चित्रकार मंडळी अजून वाट बघताहेत.

ओलाकागद

चित्राला बसणाऱ्यांसाठी दिशा सगळ्यात महत्त्वाची. असिसी-स्पेल्लो-त्रेव्ही हा उतार पश्चिमेला आणि नैऋत्येला तोंड करून आहे. सकाळी तो डोंगराच्या सावलीत असतो, गावं निळसर-करडी, सपाट दिसतात. दुपारी चारनंतर ऊन समोरून येतं आणि दगड पेटतो. जूनच्या शेवटी सूर्य पावणेनऊच्या पुढं मावळतो, म्हणजे पाच ते साडेआठ असे साडेतीन तास हातात मिळतात. सकाळी उठून धावू नका. सकाळ गावातल्या गल्ल्यांना द्या, संध्याकाळ डोंगराला.

त्रेव्ही खालून काढावं. शंकूसारखी टेकडी, तिच्यावर घरांची रास, खाली सगळीकडे ऑलिव्ह. रेल्वे स्टेशनच्या बाजूनं पूर्ण रचना एका नजरेत बसते. स्पेल्लोच्या वरच्या टोकाहून उलट, दरीकडं बघून काढा: डोंगरांचे चार-पाच पदर एकामागं एक, प्रत्येक पदर पुढच्यापेक्षा फिका आणि निळा.

ऑलिव्हला नवखे हमखास चुकतात. नळीतला हिरवा उचलतात आणि आमराई होऊन बसते. ऑलिव्हचं पान वरून राखाडी-हिरवं, खालून रुपेरी. वारा आला की अख्खा उतार क्षणभर पांढरा पडतो. पिवळा ऑकर आणि अल्ट्रामरीन यांचा पातळ राखाडी करा, त्यात हिरव्याचा थेंबच, आणि कागदाचं पांढरं भरपूर राखा. सावलीत मात्र जांभळट जा. झाडाखालची माती तांबूस-फिकी असते, ती आधी टाकली की राखाडी आपोआप हिरवट दिसायला लागतो.

सुबासिओचा दगड पांढरा आणि गुलाबी मिसळलेला. एका भिंतीत दोन्ही रंगांचे चिरे शेजारी बसवलेले असतात. सगळी भिंत गुलाबी रंगवली तर ती विटांची दिसते. आधी उबदार पांढरट धुवा, वाळू द्या, मग पाच-सहा चिरेच गुलाबी उचला. पाऊस पडून गेला तर दगड दोन छटा गडद होतो.

हवा कोरडी. आपल्याकडे पावसाळ्यात रंकाळ्यावर वॉश अर्धा-अर्धा तास ओला राहतो, तिथं जूनच्या उन्हात दोन-तीन मिनिटांत कड धरतो. पाण्याच्या फवाऱ्याची बाटली हवीच, आणि कागद ३०० जीएसएमच्या खालचा नको. ऊन थेट कागदावर घेऊ नका, डोळे दिपतात आणि मग सगळे रंग गडद लागतात.

बसायच्या आधी एक सकाळ पेरुजात द्या. पेरुजीनो (जन्म १४५० च्या सुमारास, मृत्यू १५२३) याच उंब्रियातला, त्रासिमेनो तळ्याच्या दक्षिणेच्या चित्ता देल्ला पिएव्हे गावचा. पेरुजाच्या कोल्लेजो देल काम्बिओमधली त्याची भित्तिचित्रं आणि शेजारचंच उंब्रियाचं राष्ट्रीय कलादालन बघा. माणसांकडं नका बघू, त्यांच्या मागं बघा: बारीक खोडाची, पिसासारख्या पानांची झाडं, दोन टेकड्यांमधून खाली उतरणारी दरी, तळाशी दुधाळ उजेड. ती दरी मनानं रचलेली नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांची रंकाळ्याकाठची निसर्गचित्रं बघून माणूस रंकाळ्यावर गेला की पाणी वेगळं दिसतं ना, तसं पेरुजीनो बघून स्पेल्लोला गेलं की धुक्याचा पदर आधी दिसतो आणि डोंगर नंतर.

शिवारातला

वरच्या सगळ्यांत शेतकरी राहून गेला. टेकड्यांवर दर चार-पाचशे मीटरला एकेकटं दगडी घर दिसेल, गावात नाही, रानातच. ही 'मेत्झाद्रिया'ची खूण. मालकाची जमीन, कुळाचे कष्ट, पीक निम्मं-निम्मं. आपल्या भाषेत अर्धेली. फरक असा की तिथं कुळाचं अख्खं कुटुंब जमिनीवरच्या घरात राहायचं आणि घरही मालकाचं. १९६४ च्या कायद्यानं असे नवे करार बंद झाले. माणसं रान सोडून गावांत-शहरांत गेली, घरं ओस पडली, आणि आज त्यांतलीच कितीतरी पाहुण्यांच्या मुक्कामाची घरं झालीत. आपल्याकडे कूळकायद्यानं १९५७ मध्ये कसेल त्याची जमीन झाली, म्हणून आपल्या शिवाराचा चेहरा निराळा राहिला.

एकाच वावरात धान्य, ऑलिव्ह आणि द्राक्षवेल हीसुद्धा त्याच पद्धतीतली गोष्ट, कारण कुटुंबाला सगळंच घरचं लागायचं. वेल जिवंत मेपलच्या झाडावर चढवायचे. काही ठिकाणी अजून अशी जोडी दिसते.

निपाणीकडच्यांना आवडेल असं एक. उत्तरेला तेव्हेरे नदीच्या खोऱ्यात, चित्ता दि कास्तेल्लोच्या आसपास, तंबाखूचं पीक मोठं. तिथंच कोस्पाया नावाचं खेडं आहे. १४४१ च्या सुमारास पोपचं राज्य आणि फ्लॉरेन्स यांनी हद्द ठरवताना 'रिओ' नावाचा ओढा धरला. ओढे निघाले दोन, दोघांचंही नाव रिओ. एकानं अलीकडचा धरला, दुसऱ्यानं पलीकडचा. मधली सव्वातीनशे हेक्टर जमीन कुणाचीच नाही, आणि तिथल्या लोकांनी स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेतलं. ते १८२६ पर्यंत टिकलं. ना कर, ना जकात. तंबाखू तिथं इटलीत फार लवकर रुजली ती यामुळे. मोजणीच्या नकाशात ओढ्याचं नाव तेवढं लिहून भागत नाही, हे आपल्या भागात बांधावरून भांडलेल्या कुणालाही पटेल.

कडेपठार

आता प्रवासाचं. राहायचं ठाणं फोलिन्योला करा. सुंदर गावांच्या यादीत ते कुणी घेत नाही, पण सपाटीवर आहे, बॅगा ओढत चढावं लागत नाही, आणि रेल्वेचं जंक्शन आहे. असिसी, स्पेल्लो, त्रेव्ही, स्पोलेतो सगळी तिथून अर्ध्या तासाच्या आत.

फ्लॉरेन्सहून पेरुजाला यायला दोन-सव्वादोन तास. बऱ्याच गाड्यांना तेरोंतोलाला बदल असतो. तेरोंतोलानंतर गाडी त्रासिमेनो तळ्याच्या काठानं जाते, खिडकी पकडून बसा. १२८ चौ. किमीचं तळं आणि सगळ्यात खोल जागी पाणी सहा मीटरच्या आसपास. मोठी नदी येऊन मिळत नाही, पावसावर भिस्त, त्यामुळे कोरड्या वर्षी काठ आत सरकतो आणि लव्हाळं पुढं येतं. याच उत्तर काठावर इसवी सनापूर्वी २१७ मध्ये हॅनिबलनं रोमन सैन्याला डोंगर आणि पाण्याच्या चिंचोळ्या वाटेत गाठलं. वाट कशी चिंचोळी ते गाडीतूनच कळतं.

बहुतेक गावांचं स्टेशन खाली आणि गाव वर. असिसीचं स्टेशन सान्ता मारिया देल्यी आंजेलीला आहे, गाव चार-पाच किमी वर, बस मिळते. पेरुजात स्टेशनपासून मिनीमेत्रो आहे. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावंच लागतं. तिकीट काढलेलं असूनही यासाठी दंड होतो. रविवारी बसगाड्या फारच कमी, म्हणून गुब्बिओ (पेरुजाहून बस, तास-सव्वातास) रविवारी ठेवू नका.

नॉर्चा आणि कास्तेल्लुच्चोला रेल्वे नाही. स्पोलेतो-नॉर्चा छोटी रेल्वे होती, ती १९६८ ला बंद झाली आणि तिच्या मार्गावर आता सायकलवाट आहे. तेवढ्या दोन दिवसांना गाडी घ्या. लायसन्ससोबत आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, एक वर्ष चालतो. पाच माणसं आणि बॅगा लहान गाडीत मावत नाहीत, स्टेशनवॅगन सांगा. गिअर नको असेल तर आधी नोंदवा. गाडी परत करायची वेळ दुपारी किंवा रविवारी येऊ देऊ नका, गावातली कार्यालयं तेव्हा बंद असतात.

जुन्या गावांच्या वेशीवर 'झेड-टी-एल'ची, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेल्या भागाची, पाटी असते. आत गाडी घातली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड कित्येक महिन्यांनी कोल्हापूरच्या पत्त्यावर येतो, भाडेकंपनीचं शुल्क वेगळं. तटाबाहेर गाडी लावायची आणि सरकत्या जिन्यानं वर जायचं.

नॉर्चाहून कास्तेल्लुच्चो तीसेक किमी, पाऊण तास. करूळ घाटाची सवय असलेल्याला अवघड नाही, पण कठडा सगळीकडे नाही. बहराच्या शनिवार-रविवारी वर खासगी गाड्यांवर निर्बंध असतात, म्हणून मधल्या वारी जा. वर संध्याकाळी स्वेटर लागतो.

पंचगंगाकाठ

ओर्व्हिएतो शेवटी ठेवायचं का मग?

कडेपठार

हो, पण फोलिन्योहून नको. नकाशावर जवळ वाटतं, मधे डोंगर आहे, आणि रेल्वे ओर्तेपर्यंत खाली जाऊन पुन्हा वर येते. रोमहून सकाळी निघा, साधारण सव्वा तास लागतो. स्टेशनसमोरूनच दोरावरची रेल्वे कड्यावर नेते, आणि खडकवाचकांनी सांगितलेली विहीर वर उतरल्यावर शेजारीच आहे. तेर्नीजवळचा मार्मोरेचा धबधबा (१६५ मीटर, रोमनांनी इसवी सनापूर्वी २७१ मध्ये रिएतीची दलदल उपसायला नदी वळवली त्यातून झालेला) गाडीच्या दोन दिवसांत बसेल. पाणी वीजनिर्मितीला वळवलेलं असतं आणि वेळापत्रकानं सोडतात, भोंगा वाजतो. वेळ न बघता गेलात तर ओला कडा तेवढा बघून परत याल. राधानगरीचे दरवाजे पाण्याच्या पातळीनं उघडतात, इथं घड्याळानं.

बिडाचातवा

माळकऱ्यांची काळजी करू नका, फक्त विचारायचं नेमकं.

नॉर्चा डुकराच्या मांसाच्या कारागिरीसाठी इतकं प्रसिद्ध की इटलीभर त्या दुकानाला 'नॉर्चिनेरिया' म्हणतात. म्हणजे जेवणाच्या यादीत 'आल्ला नॉर्चिना' दिसलं की त्यात सॉसेज आहे. डाळीच्या, कडधान्याच्या सूपाला खालून डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते, वरून कळत नाही. काळ्या ट्रफलच्या सॉसमध्ये बऱ्याचदा अँचोव्ही मासा वाटलेला असतो. चीज पेकोरीनो असेल तर ते बहुतेक जनावराच्या रेनेटनं (पोटातल्या पाचक रसानं) विरजलेलं असतं, कडक पाळणाऱ्यांनी सोडावं. चार शब्द पाठ करा: सेन्झा कार्ने (मांसाविना), सेन्झा पेशे (माशाविना), सेन्झा उओवा (अंड्याविना), सेन्झा स्त्रुत्तो. शेवटचा शब्द डुकराच्या चरबीचा, आणि तोच लोक विचारायचं विसरतात.

निर्धास्त खाण्यासारखं: स्त्रांगोत्झी, हा जाड शेवयांसारखा पास्ता पिठाचा नि पाण्याचा, सहसा अंडं नसतं, टोमॅटो-लसणाच्या सॉसमध्ये मागा. त्रासिमेनोकाठची 'फाजोलीना' म्हणजे आपली चवळीच, दाणा तांदळाहून थोडा मोठा, उकडून ऑलिव्हचं तेल घालून देतात. आणि कास्तेल्लुच्चोची मसूर. जात आपल्या मसुराचीच, पण दाणा बारीक, साल पातळ. विकत आणाल तेव्हा अख्खा मसूर करायच्या सवयीनं भिजवू नका आणि कुकरला लावू नका, लापशी होईल. एका वाटीला तीन वाट्या पाणी, मंद आच, वीस-पंचवीस मिनिटं, मीठ शेवटी.

पाव अळणी लागला तर तक्रार करू नका, तिथं पावात मीठ घालतच नाहीत.

रोजच्या पोटभरीला 'तोर्ता आल तेस्तो', तव्यावरची जाड भाकरी. घरी करून बघा म्हणजे तिथं ओळखता येईल. अर्धा किलो मैदा, पाव लिटर पाणी, चहाचे दोन चमचे मीठ, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, अर्धा चमचा खायचा सोडा. मळून अर्धा तास झाकून ठेवा. बोटभर जाड थापा, काट्यानं टोचे मारा, नाहीतर मधे फुगून वरची साल जळते आणि आत कच्चं राहतं. बिडाचा तवा चांगला तापू द्या, मग चिमूटभर पीठ टाकून बघा: सावकाश तांबूस झालं तर बरोबर, टाकल्या टाकल्या काळं पडलं तर आच कमी करून थांबा. एका बाजूला पाच-सहा मिनिटं, मग उलटून तेवढीच. काढल्यावर उभी धरून गार करा, आडवी ठेवली तर खाली वाफ धरून ओली होते. मग मधून चिरून आत परतलेली पालेभाजी. तिथं रानभाज्या घालतात, इथं चाकवत किंवा माठ चालतो.

दुकानातून घेताना मात्र पुन्हा विचारा, काही जण पिठात तेलाऐवजी स्त्रुत्तो घालतात.